विभूती माफ, राखेला ५ टक्के

परळीत दोन प्रकारची राख आहे. एक वैजनाथाच्या दर्शनाला गेलं की कपाळाला लागते. तिला विभूती म्हणतात. दुसरी औष्णिक वीज केंद्रातून निघते. ती दर्शनाला न जाताही लागते. जीएसटीच्या दरपत्रकात दोघींचे रकाने वेगळे. देवस्थानानं विकलेली विभूती करमुक्त, वीज केंद्राच्या राखेला ५ टक्के. जळून गेल्यावर राव आणि रंक सारखेच, हे कीर्तनात ऐकलेलं वचन दिल्लीच्या कचेरीत चालत नाही. तिथं राखेलाही आधी घराणं विचारतात.

उन्हाळ्यात वावटळ सुटली की दुसऱ्या प्रकारची राख वाळत घातलेल्या धुण्यावर, गच्चीवरच्या पापडांवर आणि आमच्या नाकात येऊन बसते. एवढी एकच राख परळीत बिनबिलाची मिळते. घरपोच मिळते, आणि परत करायची सोय नाही.

वीज केंद्राचा हिशेब मुळापासूनच गमतीचा आहे. आत जाणाऱ्या कोळशाला १८ टक्के. सप्टेंबर २०२५ पर्यंत ५ टक्के होते आणि वर टनामागे ४०० रुपये उपकर. उपकर काढला, दर चढवला. बाहेर पडणाऱ्या राखेला ५. आणि ज्याच्यासाठी हा सगळा धूर, त्या विजेला जीएसटी शून्य. शून्य ऐकून हुरळून जाऊ नका. घरच्या वीजबिलात जरा खाली बघा, राज्याचं वीज शुल्क १६ टक्के मांडी घालून बसलेलं दिसेल. शिवाय विजेवर जीएसटी नाही, म्हणून कोळशावर भरलेला जीएसटी वीज केंद्राला कुठं वजा करून घेता येत नाही. तो गुपचूप विजेच्या दरात मिसळतो. थोडक्यात, करमुक्त वस्तूतही कर असतो. दुधात पाणी असतं तसा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं मोंढ्यात लागणार आहे.

* * *

अर्थसंकल्प जवळ आला की दर वर्षी एक टूम निघते. प्राप्तिकर रद्द करा! रिटर्न नको, नोटीस नको, मार्च महिन्यात एलआयसीच्या पावत्यांची शोधाशोध नको. जो खरेदी करील त्याच्याकडून दुकानातच काय तो कर घ्या आणि मोकळे व्हा. सुब्रमण्यम स्वामी प्राप्तिकर बंद करायची मागणी वर्षानुवर्षं करत आलेत. अमेरिकेत १९९९ पासून तशा अर्थाचं विधेयक संसदेत पुन्हा पुन्हा मांडलं जातं आणि पुन्हा पुन्हा पडून राहतं. आपल्याकडं तर घरचेच वैद्य आहेत. शेजारच्या लातूरचे अनिल बोकील आणि त्यांची अर्थक्रांती. त्यांचं औषध आणखी जालीम: आयातशुल्क सोडून सगळेच कर काढा, बँकेत पैसे जमा झाले की तिथंच २ टक्के कापा.

परळीत बसून ही चर्चा ऐकताना मौज वाटते. ज्या नव्या देशाचं स्वप्न ही मंडळी बघतात, त्या देशात आमचा तालुका केव्हाचा राहायला गेलाय.

आकडे सरकारनंच संसदेत दिलेत. २०२३-२४ मध्ये देशात रिटर्न भरणारे ८ कोटी ९ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ६.६८ टक्के. त्यातल्या ४ कोटी ९० लाखांचं करपात्र उत्पन्न शून्य. पुढं २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ केला. मग प्राप्तिकर खरोखर भरतं कोण? मोजकी माणसं. आणि उरलेले? त्यांच्यासाठी प्राप्तिकर कधीच रद्द झालेला आहे. ते फक्त विक्रीकराच्या राज्यात राहतात. पाळण्यातलं पोर दुधाच्या बाटलीवर ५ टक्के भरतं. त्याला अजून स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण सरकार त्याला चांगलं ओळखतं.

तेव्हा ‘प्राप्तिकराऐवजी विक्रीकर आणला तर काय होईल?’ हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या तज्ज्ञांनी डोकं खाजवून सोडवायची गरज नाही. परळीची गाडी धरावी. उत्तर मोंढ्यात आहे.

* * *

मोंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात परवा उभा होतो. पुढं एक मामा. धोतर गुडघ्यापर्यंत, टोपी खिशात, हातात कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली. त्यांनी बिल माझ्यापुढं धरलं.

“भाऊ, हे खाली बारीक काय लिव्हलंय?”

“औषधाचे हजार. मग सीजीएसटी नव्वद, एसजीएसटी नव्वद. झाले अकराशे ऐंशी.”

“ते दोन नव्वद कुणाचे?”

“एक दिल्लीचं, एक मुंबईचं.”

“अन् आपलं?”

“आपली बाटली.”

मामांनी बाटली पिशवीत टाकली. बिलाच्या चार घड्या घालून ते टोपीत ठेवलं. मग म्हणाले, “टीव्हीवर म्हणायलेत, शेतकरी टॅक्स भरत न्हाई. त्यो कोणता शेतकरी म्हणायचा?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. दुकानदारानं कॅल्क्युलेटरकडं बघितलं. कॅल्क्युलेटरपाशीही नव्हतं.

आता दुधातलं पाणी आठवा. त्याच दुकानदारानं कंपनीकडून ती बाटली घेताना जो जीएसटी भरला, तो त्याला मामांकडून वसूल केलेल्या करातून वजा करून मिळतो. कंपनीला तिच्या कच्च्या मालावरचा वजा करून मिळतो. सगळी साखळी एकमेकांच्या खिशात हात घालून सुखरूप पुढं सरकते आणि मामांपाशी येऊन थांबते. शेतकरी म्हणून मामांना जीएसटीची नोंदणी नाही. विकताना करच लावायचा नाही, तर खरेदीवरचा वजा कशातून करणार? औषधाचे १८ टक्के, खताचे ५, ट्रॅक्टरचे आता १२ वरून ५ झालेले, सगळे मामांच्याच बोडक्यावर. कागदावर मामा उत्पादक. जीएसटीच्या लेखी मात्र ते औषध पिऊन टाकणारं शेवटचं गिऱ्हाईक. या जिल्ह्यात हे वाक्य विनोद म्हणून लिहिता येत नाही, म्हणून इथंच थांबतो.

* * *

आमच्या गल्लीत एक सर आहेत. निवृत्त शिक्षक. पेन्शन येते, एफडी आहे, तिच्या व्याजातून बँक टीडीएस कापते. ते कापलेले पैसे सरांना दाढदुखीसारखे आठवत राहतात. परवा मामांची गोष्ट सांगितली तर सर उसळले. “शेतकऱ्याला सगळं माफ आणि आम्ही काय घोडं मारलंय? पस्तीस वर्षं पगार हातात यायच्या आधी कापला. वर तो प्रोफेशन टॅक्स! महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. महिना अठ्ठावीस दिवसांचा आणि कर मात्र दीडपट. कुठल्या गणितात बसतं हे?”

बसतं. ११ महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, असे वर्षाचे २,५०० भरतात. घटनेनं या कराला तेवढीच कमाल मर्यादा घातलीय. पण सर गणिताचे असल्यामुळं इतिहास विसरले. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ चा दुष्काळ पडला, वि. स. पागे यांनी आखलेल्या योजनेला राज्यभर पाय फुटले आणि प्रश्न आला, मजुरी द्यायची कुठून? तेव्हा ठरलं की ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्यांनी ज्यांना कामच नाही त्यांच्यासाठी थोडं सोसावं. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. मुंबईत पंख्याखाली बसलेल्या कारकुनाच्या पगारातून वीस-तीस रुपये निघायचे आणि बीड जिल्ह्यातल्या एखाद्या पाझर तलावावर पाटी उचलणाऱ्या बाईच्या पदरात पडायचे. मधे ना दुकान, ना गिऱ्हाईक, ना बिल.

सर बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांचे होते. त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सर स्वतः तिथं सुकडी खायला जायचे, हे त्यांनीच मला सांगितलंय. एकदा नव्हे, शंभरदा. फक्त सुकडी आणि फेब्रुवारीतले तीनशे रुपये ही दोन गणितं त्यांनी आजवर एका फळ्यावर मांडली नाहीत.

मी मांडून दाखवली. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तरी पण फेब्रुवारीतच का?”

* * *

सगळ्या वादाचं सार दोन प्रश्नांत आहे. प्राप्तिकर विचारतो, तुला मिळालं किती? विक्रीकर विचारतो, तुला लागलं किती? पुण्या-मुंबईत या दोन प्रश्नांची उत्तरं सहसा हातात हात घालून चालतात. ज्याला जास्त मिळतं, तो जास्त उडवतो. बीड जिल्ह्यात पावसानं दडी मारली की दोघांची फारकत होते. मिळणं बंद पडतं, लागणं वाढतं. दुबार पेरणीचं बी लागतं. बोअर आणखी दोनशे फूट खाली न्यावा लागतो. मोटर जळते. म्हातारीचं दुखणं पावसाची वाट बघत थांबत नाही. अशा वर्षी प्राप्तिकराचा माणूस आलाच तर रिकामं पोतं झाडून हात हलवत जाईल. विक्रीकराचा माणूस येतच नाही. तो दुकानात आधीपासून बसलेला असतो.

हे पुस्तकातलं वाटत असेल, तर २०१५ आठवा. पाण्याअभावी परळीचं वीज केंद्र बंद पडलेलं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दुष्काळ निवारणाला १,६०० कोटी हवे होते, म्हणून राज्य सरकारनं १ ऑक्टोबरपासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं २ रुपये वाढवले. दारू, सिगारेट, शीतपेयं, सोनं, हिरे यांच्यावरही चढवले. ते एक वेळ ठीक. पण पेट्रोल? त्या उन्हाळ्यात मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून चार-चार किलोमीटरवरून पाणी आणणारी पोरं आम्ही बघितली. प्रत्येक लिटरमागं ती पोरं दुष्काळग्रस्तांना २ रुपयांची मदत करत होती. दुष्काळग्रस्त कोण? तीच पोरं. दात्यानं स्वतःला मदत करावी आणि पावती सरकारनं फाडावी, असा दानधर्म पुराणातही सापडत नाही. दरवाढ जाहीर झाली होती पाच महिन्यांसाठी. दुष्काळ हटला, अधिभार पंपावरच मुक्कामाला राहिला. पाहुणा दुष्काळी असला तरी पाहुणचार कुणाला नको असतो!

(पेट्रोल अजून जीएसटीच्या बाहेर आहे. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, म्हणून जो जिल्हा वर्षानुवर्षं टीव्हीवर झळकतो, तो परभणी. आमच्या तालुक्याला लागून. मान तेवढा शेजाऱ्यांना, झळ दोघांना.)

* * *

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू. नाहीतर म्हणाल, सदरवाल्याचा काटा मारलेला आहे.

दुसरी बाजू म्हणते, प्राप्तिकर पकडतो कुणाला? सरांना. कारण सरांना पळता येत नाही. आणि सुटतं कोण? ते बघायचं तर लग्नसराईत परळीच्या कुठल्याही मंगल कार्यालयाबाहेर उभं राहा. पांढरी गाडी, तिच्यातून उतरणारा पांढरा शर्ट आणि त्या शर्टाखालचं पांढरं उत्पन्न, म्हणजे शेतीचं. कायद्यात शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, ही सवलत मामांसाठी होती. पण मामांना तिची कधी गरज पडली नाही. कर लागण्याइतकं उत्पन्न व्हायला आधी भाव यावा लागतो. सवलत वापरली दुसऱ्यांनीच. ज्यांच्या विहिरीला आठ महिने पाणी नाही, त्यांच्या कागदावर डाळिंबाची बाग बारमाही फळते. अशांना प्राप्तिकर शिवतसुद्धा नाही. पण विक्रीकर असेल तर गाडी घेताना द्यावाच लागेल. पैसा आला कुठून हे विचारू नका, चालला कुठं त्या वाटेवर उभे राहा!

मुद्दा बिनतोड वाटतो. फक्त एक अडचण. पांढऱ्या शर्टाचा पैसा चालला कुठं? गाडी पाच वर्षांतून एकदा. बाकीचा पैसा जातो जमिनीत. हायवेलगत एकर, बायपासलगत प्लॉट. आणि जमिनीच्या विक्रीवर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क आहे. तेही कागदावर दाखवलेली किंमत किंवा रेडी रेकनरचा दर, यांत जे जास्त असेल त्यावर. त्याच्या वर रोखीत काय दिलं, याबाबत कागद बिचारा मुका असतो. म्हणजे ज्याचा पैसा उरतो तो जमीन घेतो, आणि ज्याचा उरत नाही तो साबण. कर साबणावर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये साबणाचा दर १८ वरून ५ केला, चांगलं केलं, अंगाला लावून सांगतो. पण प्राप्तिकर काढलात तर हा ५ चा आकडा जागेवर राहील का?

मांडा हिशेब. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारच्या दर रुपयात प्राप्तिकराचे २२ पैसे होते, जीएसटीचे १८. प्राप्तिकर काढला आणि सगळा भार जीएसटीवर टाकला, तर १८ चे ४० करायला हवेत. सध्याच्या दरात निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. राज्याचा तसाच ठेवून केंद्राचा वाढवायचा म्हटलं, तर १८ टक्क्यांचे होतात २९ आणि ५ टक्क्यांचे ८. तेही महागाई बघून कुणी खरेदी आखडती घेतली नाही तर. मामांची बाटली १,१८० वरून १,२९०. सरांचा टीडीएस शून्य.

आणि २९ टक्के झाल्यावर दुकानात पहिला प्रश्न काय येईल? परळीत जो आजही येतो तोच: “पक्कं पाहिजे का कच्चं?” १८ टक्क्यांना हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. २९ झाले की विचारणारच नाहीत, थेट कच्चंच देतील. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे बघून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तर बेंगळुरूच्या गाड्यांवरचे क्यूआर कोड रातोरात उतरले आणि ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. आयटीच्या राजधानीची ही कथा. आमच्याकडं तर पाटीसुद्धा लावावी लागणार नाही.

* * *

अमेरिकेतल्या त्या विधेयकाचं नाव ‘फेअर टॅक्स’. न्याय्य कर. नावातच न्याय असला की मजकूर नीट वाचावा, हे आम्ही तंटामुक्त गावात राहून शिकलोय. दर सांगतात २३ टक्के. पण मोजायची पद्धत अशी की, ७७ डॉलरच्या वस्तूवर २३ डॉलर कर, एकूण १००. त्या शंभरातले २३, म्हणून २३ टक्के. आपल्या पद्धतीनं मोजलं तर हेच प्रमाण जवळपास ३० टक्के भरतं. असं माप आमच्या अडतीवरच्या काट्यालाही सुचलं नव्हतं.

गरिबांचं काय, तर त्याचीही सोय त्यात आहे. दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला सरकार आगाऊ रक्कम पाठवणार, म्हणजे गरजेपुरत्या खरेदीवरचा कर आपोआप फिटला. हे वाचून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “हे तर लाडकी बहीण!” खरंच की. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये. अमेरिकेला अजून विधेयक पास करता आलं नाही, महाराष्ट्रानं हप्तेसुद्धा वाटले. त्यांच्याकडं आधी कर काढणार, मग पैसे वाटणार. आपण पैसे वाटून बसलो, कर काढायचा तेवढा राहून गेला.

बोकीलांचं २ टक्क्यांचं औषध ऐकायला गोड आहे, आणि माणूस तळमळीचा आहे. पण कापूस मामांकडून अडत्याकडं, तिथून जिनिंगला, मग सूतगिरणीत, मग मागावर, मग दुकानात जातो. प्रत्येक मुक्कामी पैसे बँकेत जमा झाले, प्रत्येक मुक्कामी २ टक्के गेले, की सदरा अंगात येईपर्यंत दोनाचे दहा होतात. जीएसटीत निदान मागचा कर वजा होतो. इथं मागचा पुढच्याच्या खांद्यावर बसून येतो. बँकेतून रोख काढण्यावर कर लावून बघायचा प्रयोग दिल्लीनं २००५ मध्ये केला होता. दर अवघा ०.१ टक्का. २००९ मध्ये तोही गुंडाळला.

परळीनं मात्र करभरणीचा स्वतःचा एक मार्ग शोधला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये वैद्यनाथ साखर कारखान्यावर १९ कोटींच्या जीएसटी थकबाकीपोटी कारवाई झाली, तेव्हा कारखान्याच्या अध्यक्षा पंकजाताई मुंडे यांच्या समर्थकांनी राज्यभर वर्गणी गोळा करायला घेतली. धनादेश फडकले. पैसे नकोत, असं पुढं ताईंनीच सांगितलं. त्या आठवड्यात जीएसटी हा शब्द परळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ झाला. प्राप्तिकर झाला, विक्रीकर झाला. प्रेमकर हा तिसरा प्रकार कुठल्याच अर्थशास्त्रज्ञाच्या ध्यानात आला नव्हता.

* * *

कर रद्द झाल्याच्या आनंदात आमच्या तीन पिढ्या गेल्या. पणजोबांच्या वेळी निजामाची करोडगिरी होती. माल हद्दीवर आला की नाक्यावर हात पसरलेला. निजाम गेला, करोडगिरी गेली, पेढे वाटले. मग जकात आली. जकात गेली, मोठ्या शहरांत एलबीटी आला. तो गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आमच्या आजोबांचं म्हणणं होतं, नाका उठला म्हणून नाचू नये, तो पुढच्या वळणावर बसलेला असतो.

प्राप्तिकराचा जन्मदाता जेम्स विल्सन. मूळचा धंदा टोप्या बनवायचा. पुढं त्यानं ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढलं. १८५७ नंतर कंगाल झालेली तिजोरी भरायला विलायतेनं त्याला इकडं धाडलं आणि २४ जुलै १८६० रोजी त्यानं अख्ख्या हिंदुस्थानाला टोपी घातली. कर पाच वर्षांपुरता होता. विल्सनसाहेब त्याच ऑगस्टच्या ११ तारखेला कलकत्त्यात वारले. साहेब तीन आठवड्यांत गेले, कर दीडशे वर्षांनंतरही ठणठणीत. मधे एकदोनदा गेल्यासारखा झाला, पण परत आला. नवा प्राप्तिकर कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला; भाषा सोपी केली म्हणतात. आता काय कापलं ते मातृभाषेइतकं स्वच्छ कळेल.

तेव्हा हा कर काही जाणार नाही, सरांनी उगाच आशेवर राहू नये. आणि जाऊही नये. तुला मिळालं किती, असं विचारणारा निदान एक तरी कर देशात असावा. पांढऱ्या शर्टाला तो जोरात विचारावा. सरांना जरा हळू विचारावा, आणि शक्यतो फेब्रुवारीत विचारू नये.

(खुलासा: या सदराचं मानधन टीडीएसच्या मर्यादेला अजून शिवलेलं नाही. त्यामुळं लेखक या वादात पूर्णपणे निःपक्षपाती आहे.)

* * *

दसरा झाला की आमच्या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्या उचलीतून निघायच्या आधी बाजार होतो. पालासाठी ताडपत्री, पोरांना चपला, साबण, बॅटरी, पारले बिस्किटांचा पुडा, अंगदुखीच्या गोळ्या.

उचल हे उत्पन्न नव्हे. ते कर्ज आहे. पुढचे सहा महिने ऊस तोडून फेडायचं. म्हणजे कमाई अजून व्हायची आहे. ती कुठल्या तरी जिल्ह्यातल्या कुठल्या तरी फडात, मातीत पाय रोवून उभी आहे. पण तिच्यावरचा कर परळीच्या बाजारात भरून झालासुद्धा. प्राप्तीच्या आधी कर वसूल करणारी पद्धत जगाला कुठं बघायची असेल, तर दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मोंढ्यात या.

परवा एक बाई दुकानदाराला बजावत होती, “नीट लाव दादा, कोयत्यावर टॅक्स न्हाई म्हणत्यात.” बरोबर होतं तिचं. हातानं चालवायची शेतीची हत्यारं जीएसटीतून माफ आहेत. दुकानदारानं कोयता तसाच कागदात गुंडाळला. बाकीच्या सामानाचं बिल केलं.

कोयता माफ. कोयत्यानं बोट कापलं, तर पट्टीला ५ टक्के.